क्वार्टरचं गणित: दारू कमी करायला ऑनलाइन कार्यक्रम कसा वापरावा

मुलीच्या खोकल्याच्या औषधाबरोबर दहा मिलीचं प्लास्टिकचं टोपण आलं होतं. एका शनिवारी रात्री ते ओट्यावर घेतलं, नेहमीसारखा अंदाजाने ग्लासात पेग ओतला आणि मग तो टोपणाने मोजत दुसऱ्या ग्लासात काढला. आठ टोपणं भरली. म्हणजे ऐंशी मिली. मी इतकी वर्षं ज्याला ‘एक पेग’ म्हणत होतो तो परमिट रूमच्या लार्जपेक्षाही मोठा होता. ‘आपण काय, तीनच घेतो’ असं बायकोला सांगायचो, त्या तिनाचे २४० मिली होत होते. एक क्वार्टर (१८० मिली) आणि वर एक लार्ज (६० मिली).

हे मोजण्याचं कारण असं, की आदल्या आठवड्यात मी ऑनलाइन एक चाचणी भरली होती आणि तिने मला ‘कमी जोखीम’ म्हटलं होतं. टोपण वापरल्यावर तीच चाचणी पुन्हा भरली तेव्हा निकाल बदलला. दारू कमी करायला मदत करणारे जवळजवळ सगळे ऑनलाइन कार्यक्रम आकड्यांवर चालतात, आणि ते आकडे आपल्या ग्लासाच्या भाषेत नसतात. पहिलं काम आहे भाषांतराचं.

कोणी या वाटेला जाऊ नये

हे पुढच्या सगळ्यापेक्षा महत्त्वाचं आहे, म्हणून आधी.

सकाळी उठल्यावर हात थरथरतात, घाम फुटतो आणि घोटभर पोटात गेल्यावरच बरं वाटतं, असं होत असेल. पूर्वी कधी दारू बंद केल्यावर फिट आली असेल, नसलेली माणसं दिसली असतील, आवाज ऐकू आले असतील. किंवा रोज दिवसभर थोडी थोडी चालूच असेल, तर अ‍ॅप, चाचणी, डायरी सगळं बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. तोवर दारू एका झटक्यात बंद करू नका. शरीराला सवय झालेली असताना अचानक थांबलं, तर शेवटच्या घोटानंतर सहा ते ४८ तासांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत माणूस भ्रमात जाऊ शकतो. ताप, असंबद्ध बडबड, अंगाची थरथर सुरू होते. त्याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि त्यात जीव जाऊ शकतो. देवापुढे शपथ घेऊन एका रात्रीत सोडणाऱ्यांचं आपल्याकडे फार कौतुक होतं, पण अशा माणसाला शपथेआधी दवाखाना लागतो. तिथे ठरावीक दिवसांच्या गोळ्या आणि बी-१ जीवनसत्त्व देऊन हीच गोष्ट सुरक्षितपणे करता येते. फिट आली किंवा माणूस भ्रमात गेला तर वाट न पाहता १०८ ला फोन करा.

गरोदर असाल, लिव्हरचा आजार असेल, टीबीची किंवा झोपेची औषधं चालू असतील, तर प्रश्न कमी करण्याचा नाही, बंद करण्याचा आहे. तेही डॉक्टरांशी बोलूनच.

उरलेला जो मोठा गट आहे, त्याच्यासाठी हा लेख. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सने केलेलं देशव्यापी सर्वेक्षण २०१९ मध्ये आलं. त्यानुसार देशात साधारण १६ कोटी लोक दारू घेतात आणि त्यातल्या ५.७ कोटींना या ना त्या प्रमाणात मदतीची गरज आहे. यातले सगळे काही गटारात पडलेले नसतात. बरेचसे सोमवारी वेळेवर कामावर असतात.

पायरी १: तुमच्या ग्लासाचे ग्रॅम काढा

जगभरचे कार्यक्रम ‘ड्रिंक’ किंवा ‘युनिट’ मोजतात. घोळ असा, की देशागणिक त्यांचं माप बदलतं. ब्रिटनचं एक युनिट म्हणजे ८ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल, अमेरिकेचं एक ड्रिंक १४ ग्रॅम, ऑस्ट्रेलियाचं १० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या चाचणीतही १० ग्रॅम धरतात, आणि आपल्यासाठी तेच सोयीचं आहे. का, ते पाहा.

भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक व्हिस्की-रमच्या बाटलीवर बारीक अक्षरात ‘४२.८ टक्के’ छापलेलं असतं. त्याशेजारी कधीकधी ‘२५ अंश यू. पी.’ (अंडर प्रूफ, तीव्रता सांगायची जुनी पद्धत) असंही असतं. दोन्हींचा अर्थ एकच. सूत्र सोपं आहे: मिली गुणिले टक्के, भागिले १००, गुणिले ०.७९. उत्तर ग्रॅममध्ये येतं. तीस मिलीला करून पाहा, दहा ग्रॅम येतात. म्हणजे आपला स्मॉल पेग बरोब्बर एक ड्रिंक. साठचा लार्ज दोन, नव्वदची निप तीन, क्वार्टर सहा, साडेसातशेचा खंबा पंचवीस.

बिअरवाल्यांनी इथे हसू नये. साडेसहाशे मिलीच्या स्ट्राँग बाटलीवर ८ टक्के लिहिलेलं असेल, तर तिच्यात ४१ ग्रॅम, म्हणजे चार ड्रिंक भरतात. दोन स्ट्राँग बिअर एका क्वार्टरपेक्षा जास्त होतात. ‘मी फक्त बिअर घेतो’ हे वाक्य मी दहा वर्षं सन्मानाने ऐकत आलो. आता मनातल्या मनात गुणाकार करतो. माइल्डची तेवढीच बाटली, ५ टक्क्यांची, अडीच ड्रिंकची. वाइनचा दीडशे मिलीचा ग्लास दीड. फेणीचेही बाटलीवरचे टक्के बघूनच धरा. हातभट्टीचं मात्र गणित होत नाही. तिच्यात किती टक्के आहे हे बनवणाऱ्यालाही माहीत नसतं, आणि मिथेनॉल असेल तर एकदाच घेतली तरी डोळे किंवा जीव जाऊ शकतो. तिथे ‘कमी करा’ हा सल्लाच लागू नाही.

आता घरातल्या नेहमीच्या ग्लासात नेहमीसारखं ओता आणि मोजा. औषधाचं टोपण, सिरिंज, काहीही चालेल. ग्लासाला बाहेरून मार्करने तीस आणि साठची रेघ मारा.

पायरी २: दहा प्रश्नांची चाचणी, खऱ्या आकड्यांनी

बहुतेक कार्यक्रमांचं दार म्हणजे ‘ऑडिट’ नावाची चाचणी. जागतिक आरोग्य संघटनेने १९८०च्या दशकात अनेक देशांत तपासून ती तयार केली. दहा प्रश्न, शून्य ते चाळीस गुण. पहिले तीन प्रश्न किती आणि कितीदा घेता याचे, पुढचे तीन ताबा सुटण्याचे (थांबता न येणं, कामं राहून जाणं, सकाळी घ्यावी लागणं), आणि शेवटचे चार अपराधी वाटणं, रात्रीचं न आठवणं, इजा होणं आणि कोणी काळजीने बोलणं याबद्दल.

माझ्या पहिल्या तीन प्रश्नांचंच उदाहरण देतो. आठवड्यातून दोनदा घेतो, याचे ३ गुण. एका वेळी किती? आधी ‘तीन’ भरलं होतं, त्याचा १ गुण. एका बैठकीत सहा किंवा जास्त कितीदा? ‘कधीच नाही’, शून्य. बेरीज ४. टोपण वापरल्यावर तीन पेगचे आठ ड्रिंक झाले, त्याचे ३ गुण. सहाच्या वर तर दर आठवड्याला जात होतो, त्याचे आणखी ३. बेरीज ९. दारू तेवढीच, प्रामाणिकपणाही तेवढाच. फरक फक्त मापाचा.

तिसरा प्रश्न सहा ड्रिंकवरच का अडतो, हेही लक्षात घ्या. एका बैठकीत ६० ग्रॅम किंवा जास्त, याला जागतिक आरोग्य संघटना ‘जड पिणं’ म्हणते. आणि ६० ग्रॅम म्हणजे आपली क्वार्टर. ज्या बाटलीला आपल्याकडे एका माणसाचा माफक वाटा समजतात, तिथूनच त्यांची धोक्याची रेघ सुरू होते.

एकूण गुण सात किंवा कमी आले तर तूर्त जोखीम कमी. ८ ते १५ असतील तर ऑनलाइन कार्यक्रम नेमका तुमच्यासाठी आहे. १६ ते १९ असतील तर कार्यक्रम वापरा, पण जोडीला समुपदेशकही हवा. २० किंवा वर असतील तर आधी डॉक्टर. ‘कमी जोखीम’ म्हणजे ‘निर्धोक’ नव्हे. दारूचं कुठलंही प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट म्हटलं आहे.

पायरी ३: कार्यक्रम निवडा

आधी अपेक्षा जागेवर आणू. वैद्यकीय संशोधन तपासून आढावे काढणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २०१७ मध्ये अशा डिजिटल कार्यक्रमांचे ५७ अभ्यास एकत्र करून आढावा घेतला. कार्यक्रम वापरणाऱ्यांची दारू, न वापरणाऱ्यांच्या तुलनेत, आठवड्याला सरासरी २३ ग्रॅमने कमी झाली. आपल्या भाषेत, एका लार्ज पेगपेक्षा थोडी जास्त. वाचल्यावर पहिली प्रतिक्रिया ‘एवढंच?’ अशी होते. माझीही झाली. पण हे फुकट आहे, घरबसल्या आहे, कोणाला तोंड दाखवावं लागत नाही, आणि ही सरासरी आहे; तिच्यात दुसऱ्याच दिवशी अ‍ॅप विसरलेलेही मोजले आहेत.

आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेने भारत, ब्राझील, मेक्सिको आणि बेलारूस या चार देशांत तपासलेला स्वयंमदतीचा वेब कार्यक्रम. भारतात तो दिल्लीच्या एम्सच्या व्यसन उपचार केंद्रामार्फत झाला, आणि २०२१ मध्ये आलेले निष्कर्ष कार्यक्रमाच्या बाजूचे होते. ब्रिटनमध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांचं ‘ड्रिंक लेस’ आहे, ऑस्ट्रेलियात ‘डेब्रेक’. लंडन-मेलबर्नच्या मराठी वाचकांनी सरळ तिथले वापरावेत.

माणसाने माणसाशी बोलून होणाऱ्या उपचाराचा एक महत्त्वाचा अभ्यास गोव्यातला आहे. ‘संगाथ’ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, ऑडिटमध्ये १२ ते १९ गुण पडलेल्या पुरुषांना जास्तीत जास्त चार भेटींचं समुपदेशन दिलं. समुपदेशक डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के आठच्या खाली आले होते, न मिळालेल्यांपैकी २६ टक्के. चांगल्या ऑनलाइन कार्यक्रमाचा आतला ऐवजही असाच असतो: तुमच्याच आकड्यांवरून दिलेला अभिप्राय, तुम्ही ठरवलेलं उद्दिष्ट, नोंदवही, अडचणीच्या वेळांची आखणी. यातलं काही नसून नुसती रोजची प्रेरणादायी वाक्यं येत असतील, तर ते अ‍ॅप काढून टाका.

निवडताना मी चार गोष्टी पाहतो. मागे विद्यापीठ, सरकारी आरोग्य यंत्रणा किंवा रुग्णालय आहे का. माप ग्रॅममध्ये बदलता येतं का. नसेल तर अमेरिकी अ‍ॅपमध्ये तुमची क्वार्टर सहाऐवजी साधारण साडेचार ड्रिंकची दिसेल आणि तुम्ही उगाच खूश व्हाल. गुण जास्त आल्यावर ते ‘डॉक्टरांकडे जा’ म्हणतं का. आणि माहिती कुठे जाते. ही शेवटची शंका हवेतली नाही: २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने दारूवर ऑनलाइन उपचार देणाऱ्या एका कंपनीवर, ग्राहकांची आरोग्यविषयक माहिती जाहिरातींसाठी बाहेर दिल्याबद्दल कारवाई केली. म्हणून वेगळा ईमेल काढा, खरं नाव टाकू नका, आणि कॉन्टॅक्ट किंवा लोकेशनची परवानगी मागितली तर नाही म्हणा.

आणखी एक. ‘दारू कमी कशी करावी’ असं शोधलं की लगेच पावडर आणि थेंबांच्या जाहिराती सुरू होतात: ‘न सांगता जेवणात मिसळा’. घरच्यांनो, हे करू नका. अशा पुडीत काय आहे ते कळत नाही. त्यात डायसल्फिरम निघालं आणि माणसाने न कळत वर दारू घेतली, तर उलट्या, छातीत धडधड, रक्तदाब कोसळणं, इथपर्यंत जातं. हे औषध डॉक्टर देतात, पण घेणाऱ्याला सगळं सांगून.

मराठीत धड कार्यक्रम हाताला लागला नाही तर अडून बसू नका. चाचणी आणि अभिप्राय इंग्रजी-हिंदीतून घ्या, बाकी सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच मेसेज पाठवून करता येतं. मी तेच केलं.

पायरी ४: दोन आठवडे काहीही बदलू नका

फक्त लिहा. ग्लास भरताना लिहा. सकाळी आठवून लिहिलं की आकडा हमखास घसरतो. माझी एक नोंद अशी होती: ‘बुध, ९.१०, ६० मिली, घरी एकटा, ऑफिसातून वैतागून. ९.५०, ६०. १०.३०, ६०, जेवण झालं होतं तरी.’ त्या ‘तरी’ने मला जेवढं शिकवलं तेवढं अ‍ॅपच्या रंगीत आलेखाने नाही. जेवणानंतरचा पेग मला आवडतही नव्हता. बाटली समोर होती म्हणून तो होता.

हे दोन आठवडे गटारीच्या किंवा श्रावणाच्या आसपास घेऊ नका, चित्र खोटं येतं. श्रावणाबद्दल थोडं सांगायलाच हवं. ‘मी श्रावण पाळतो, महिनाभर थेंब नाही, म्हणजे मला व्यसन नाही’ हा आपला लाडका युक्तिवाद. महिनाभर त्रास न होता थांबता आलं, तर शरीर अजून अडकलेलं नाही, एवढं त्यातून कळतं. चांगलीच गोष्ट आहे. पण आठवड्याच्या हिशेबाला त्याने काही होत नाही, कारण उरलेले अकरा महिने तसेच राहतात. ब्रिटनमध्ये २०१३ पासून ‘ड्राय जानेवारी’ची मोहीम चालते, तिच्याबरोबर अ‍ॅप आणि नोंदी असतात. आपल्याकडे महिना आयता आहे. त्यात वही घाला: झोप कशी लागली, वजन, पैसे किती वाचले, आणि संध्याकाळी साडेआठला नेमकं काय वाटलं.

पायरी ५: उद्दिष्ट, मिलीमध्ये

‘कमी करेन’ हे उद्दिष्ट नव्हे. किती दिवस कोरडे आणि बाकीच्या दिवशी किती मिली, असं लिहा. ब्रिटनचा २०१६ चा सल्ला आठवड्याला १४ युनिटच्या वर जाऊ नका, आणि तेवढी घेतच असाल तर तीन किंवा जास्त दिवसांत विभागा, असा आहे. चौदा युनिट म्हणजे ११२ ग्रॅम, दोन क्वार्टरपेक्षाही कमी. ही अंतिम पायरी समजू नका, पण मोजायला खूण म्हणून ठीक आहे. मी आठवड्याला १६ ड्रिंकवर होतो. पहिल्या महिन्यासाठी ठरवलं: दोनच दिवस, दर वेळी १२० मिली, म्हणजे ८ ड्रिंक. खंबा आणायचं बंद केलं. खंबा स्वस्त पडतो हे खरं, पण तो संपेपर्यंत घरात असतो.

पायरी ६: ‘बसायचं का?’ला उत्तर तयार ठेवा

कॉक्रेनच्या त्याच आढाव्यात दिसतं, की दारूच्या जागी दुसरं काही ठेवायला शिकवणारे आणि अडचण आधीच सोडवून घेणारे कार्यक्रम जास्त उपयोगी पडले. म्हणजे ‘असं झालं, तर मी हे करेन’ अशी वाक्यं लिहायची. वाक्य जितकं बारीक, तितकं बरं.

‘शुक्रवारी ग्रुपवर मेसेज आला, तर येतो म्हणेन, पण जेवून जाईन.’ चखण्यावर रात्र काढणाऱ्याचा ग्लास लवकर रिकामा होतो. ‘पहिली फेरी सोडा-लिंबाची घेईन.’ ‘गाडी मीच चालवणार, हे आधीच जाहीर करेन’. चालवायची असेल तर शून्य, हे सांगायची गरज पडू नये. ‘कोणी न विचारता माझ्या ग्लासात ओतायला लागला, तर ग्लासावर हात ठेवेन.’ हे शेवटचं फार महत्त्वाचं. भरल्या ग्लासात कोणी भर घातली की मोजणी तिथेच संपते. अर्धा ग्लास असताना ओतून घ्यायचं नाही, हा एकच नियम पाळला तरी हिशेब जुळतो.

नाही म्हणायला आपल्याकडे सबबी भरपूर आहेत. ‘अँटिबायोटिक चालू आहे’ चालतं, पण दर आठवड्याला नाही. ‘माळ घातली आहे’ म्हटलं की कोणी पुढे बोलत नाही, पण ती खरीच घातलेली असावी. मला शेवटी ‘माझे दोन झाले’ एवढं पुरलं. पहिल्या दोन वेळा चेष्टा झाली. तिसऱ्या वेळी शेजारच्याने हळूच विचारलं, तू मोजतोस कसा?

घरी एकट्याने घेणाऱ्याचा प्रश्न वेगळा असतो. तिथे आग्रह करणारं कोणी नसतं, साडेआठ वाजलेले असतात. तलफ आली की वीस मिनिटांचा गजर लावा आणि तेवढ्यात जेवून घ्या. लाटेसारखी ती चढते आणि उतरते. दरवेळी उतरेलच असं नाही, पण जेवल्यावर तिचा जोर बराच जातो.

पायरी ७: चुकलेला दिवस

येणारच. चुलतभावाच्या हळदीला माझे ११ ड्रिंक झाले. दुसऱ्या दिवशी अ‍ॅप उघडायची लाज वाटली, आणि बहुतेक लोक कार्यक्रम सोडतात ते इथेच. त्या दिवसाचा आकडा भरा, एक ओळ लिहा (कोण होतं, कितव्या ग्लासाला मोजणं सुटलं) आणि पुढचा ठरलेला कोरडा दिवस कोरडा ठेवा. भरपाई म्हणून आठवडाभर उपास नको. त्याने पुढच्या शनिवारी व्याजासकट वसुली होते.

किती दिवसांनी माणसाकडे जायचं

मी सहा आठवड्यांची मुदत धरतो. तोवर आकडा हललाच नाही, ठरवलेली मर्यादा आठवड्यामागून आठवडा मोडत असेल, लपवून घ्यावी लागत असेल, किंवा कमी केल्यावर हात थरथरायला लागले, तर यंत्राचं काम संपलं. हात थरथरणं हे तर त्याच दिवशी जाण्याचं कारण आहे. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. पुण्यात १९८६ पासून ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. अल्कोहोलिक्स अनॉनिमस या, दारू सोडणाऱ्यांनीच एकमेकांना आधार देण्याच्या गटाच्या सभा प्रत्यक्ष होतात आणि ऑनलाइनही. मात्र त्यांची वाट पूर्ण सोडण्याची आहे, कमी करण्याची नाही.

फोनवरून सुरुवात करायची असेल तर टेलि-मानस, १४४१६. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, मोफत आहे, चोवीस तास असते आणि मराठीत बोलता येतं. व्यसनमुक्तीसाठी स्वतंत्र राष्ट्रीय क्रमांक १४४४६. फोन लावल्यावर कुठून सुरुवात करावी हे सुचत नाही आणि माणूस ‘सहज केला होता’ म्हणून ठेवून देतो. म्हणून वहीतूनच वाचून दाखवा: ‘आठवड्याला सोळा ड्रिंक व्हायचे, चाचणीत अमुक गुण आले, सकाळी हात थरथरत नाहीत, सहा आठवडे प्रयत्न केला, बाराच्या खाली येत नाही.’ एवढं सांगितलं की पुढचे प्रश्न तेच विचारतात.